श्रीमंतची लॉरी आणि सासूबाईंची प्रदक्षिणा

सोलापूर,
चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप रेवणप्पा दाजींच्या पायांशी धाकट्या चन्नवीरचा शरणार्थ.

करकंबात सगळे खुशाल असाल. अक्काचा गुडघा कसा आहे? तेल गुडघ्यालाच लावावं, शेजारणींच्या भांडणात ओतू नये, असं तिला माझ्या वतीनं सांगा. सिद्धेश्वराच्या कृपेनं इकडं माणसं धडधाकट आहेत. जरा कमी धडधाकट असती तर बरं झालं असतं, म्हणजे माझ्या अंगणात लॉरीचं इंजिन खोलायचं बळ त्यांच्या अंगात उरलं नसतं.

आमच्या गिरिजेचं लग्न अक्षय तृतीयेला अक्कलकोटात, मुलाच्या घरी ठरलंय, हे तुम्ही जाणताच. व्याही ईरप्पांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. मागितलं एवढंच, की नवरी मोटारीतून आली पाहिजे. त्यांच्या गल्लीत आजवर एकही सून मोटारीतून उतरलेली नाही म्हणे. वेशीत बँड उभा करणार आहेत. "मोटार नसली तर अक्षता नाहीत," असं चारचौघांत हसत हसत बोलले, पण तो माणूस हसत बोलतो तेच खरं करतो. मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं, कारण माझ्या बायकोचा भाऊ श्रीमंत याच्याकडे अक्कलकोटची उतारू नेणारी लॉरी आहे. (होती म्हणावं की आहे म्हणावं, हे पत्र वाचून तुम्हीच ठरवा.)

आता श्रीमंतची आई, म्हणजे आमच्या सासूबाई अंबुबाई. लॉरी दारात आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, चाकांवर पाणी घालायचं, हा त्यांचा नेम. इथवर कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण परवा लॉरी ऐन उन्हातून वाफा सोडत आली. बाईंना तिची दया आली. "लई तापलीय की रे लेकरू!" म्हणाल्या आणि श्रीमंतनं बॉनेट उचललं तोच रांजणातलं गार पाणी घागरीनं इंजिनावर ओतलं. ताड! इंजिनाच्या डोक्यावर ओतीव लोखंडाची झाकणं असतात, त्यांना मिस्त्री हेड म्हणतात. या लॉरीला ती दोन. दोन्ही तडकली. श्रीमंतनं आईला दोन शब्द सुनवावेत की नाही? छे! म्हणाला, गाडीला दृष्ट लागली होती, आईमुळं हेडांवर निभावलं. अशा बुद्धीचा माणूस उतारूंचे जीव हातात घेऊन गाडी हाकतो, आणि लोक त्यात बसतात, म्हणजे लोकही त्याच लायकीचे.

पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन हेडं आली. मोटार अड्ड्यावरचा मिस्त्री बसवून द्यायला तयार होता, पण श्रीमंतचं म्हणणं, आपलं इंजिन परक्याच्या हाती देणं म्हणजे बाळंतिणीला बाजारात नेणं. सावली माझ्या अंगणात, म्हणून बाळंतपण माझ्या अंगणात. पापडाच्या चटईवर नट, परातीत रॉकेल. (त्या परातीत मळलेल्या कणकेच्या चपात्या आम्ही अजून खातो आहोत.) मिस्त्रीनं जाता जाता एकच गोष्ट बजावली होती. आधी मधले नट, मग कडेचे, सगळे थोडे थोडे पिळत जा. हे ऐकून अंबुबाईंनी कपाळाला हात लावला. "मधनं कुटं सुरुवात करत्यात व्हय? गाभाऱ्यात घुसून मग परदक्षिणा घालतोस का रं?" झालं. श्रीमंतनं उजव्या कोपऱ्यातला नट धरला, पान्याला लांब पाइप लावला, तो पूर्ण आवळला, मग पुढचा, अशी देवळासारखी प्रदक्षिणा घातली. (पाइपच्या टोकाला मी लोंबकळत होतो, ते केवळ त्यांच्या आग्रहाखातर.) प्रदक्षिणा पुरी व्हायच्या आत हेड एका अंगाला ताणलं गेलं आणि तडकलं.

शहाणा माणूस इथं थांबला असता. या मायलेकांनी विचारविनिमय करून ठरवलं, की मी मध्येच शिंकलो त्याचा हा परिणाम. मला ओसरीवर बसवलं, नाकाला धोतराचा सोगा लावायला सांगितला, आणि दुसरं हेड तसंच, फक्त जास्त भक्तिभावानं आवळलं. तेही गेलं. आता अक्षय तृतीयेच्या आत तिसरी जोडी मिळायची नाही, असं पुण्याहून कळलंय. अंबुबाई म्हणतात, "हुतंय की, घाई कशाला?" त्यांचं काय जातंय! इकडं पोर जेवत नाही. दर थोड्या वेळानं येऊन विचारते, "अप्पा, मोटार सुरू झाली का?" मी इतरांवर ओरडू शकतो, दाजी, पण तिला काय सांगू?

असो. अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. मोटारवाल्यांच्या नादी कधी लागू नका.

आपला,
चन्नवीर

ता. क. तुमचे चार खिलारी बैल पत्र पोचताच इकडं धाडावेत. गाड्या नकोत, नुसते बैल. लॉरीला जुंपून अक्कलकोटच्या अलीकडच्या उतारापर्यंत नेऊ, तिथं बैल सोडून बाभळींआड उभे करू. तिथून लॉरी आपसूक वेशीत उतरेल. श्रीमंत आत चाक धरून बसेल आणि भोंगा वाजवील. बँडच्या आवाजात इंजिन ऐकतो कोण?

आणखी ता. क. ब्रेक नीट आहेत ना, असं श्रीमंतला आत्ताच विचारलं. म्हणाला, काळजी नको, आईला समोर बसवून कालच घरी दुरुस्त केलेत. तरी बैलांबरोबर सहा दांडगे गडीही धाडावेत. त्यांनी वेशीत, बँडच्या पुढं उभं राहावं.