लांडग्याचं बीळ

आबांच्या पायांवर सोनमचं डोकं.

वनरक्षकाचं ट्रेनिंग बरं चाललंय. विहिरीत पडलेलं जनावर जाळीनं वर काढायला शिकले. माग काढण्यात मी पहिली हाय, तुमचीच शिकवण की.

परवा कॅमेरे लावायला आमाला आपल्याच माळावर आणलं. आईची चूल पेटलेली दिसत हुती, तरी घरी आले न्हाय. जिवाला लई लागलंय. लांडग्याचं बीळ मीच शोधलं, आत पिल्लं हायती. जागा कुणाला सांगायची न्हाय, असं साहेबांनी बजावलंय. घरी आले असते तर तुमी तोंडाकडं बघूनच वळखलं असतं.

लंगड्या कोकराचा पाय बरा झाला का?

आबा, मेंढरं ओढ्याच्या अंगाला नेऊ नका. एवढ्यावरनं तुमाला जागा कळंलच. मागल्या वर्सासारखा बिळात धूर तेवढा करू नका.

तुमचीच,
सोनम