सायकलवाटेचे दगड

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी मी तुमच्यावर अजून संशय घेते. मीही तुमच्यासारखीच शाळेत शिकवून निवृत्त झाले, केस पांढरे झाले. पण त्या सभेत तुम्ही उठून जे बोललात ते आठवलं की वाटतं, तुमच्या मागे कोण उभं होतं ते एकदा नीट पाहून घ्यावं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. खेड्यावरून आम्ही सहा मुली सायकलने तुमच्या हायस्कुलात यायचो. नाक्यापासून शाळेपर्यंतचा रस्ता सगळ्यात वाईट; उंद्रीकडून येणाऱ्या कापसाच्या गाड्या, ट्रक, एस.टी., सगळं तिथेच. एका मुलीचा पाय ट्रकखाली गेला, तेव्हा तुम्ही घरोघर फिरून सह्या घेतल्या आणि नगरपालिकेकडून कडेने सायकलींसाठी वेगळी वाट करून घेतली. मुरूम टाकलेली, आणि रस्त्याच्या बाजूने गुडघाभर उंच दगडांची रांग. पहिल्या दिवशी पदर खोचून तुम्ही स्वतः पुढे निघालात आणि मागे वळून मला म्हणालात, “हँडल इतकं आवळू नकोस. दगड तुझ्या अंगावर येणार नाहीत.”

पुढच्याच हंगामात दगड काढा अशी ओरड सुरू झाली. सभेच्या दोन दिवस आधी मी वह्यांचा गठ्ठा घेऊन तुमच्या घरी येते, तर दारात जिनवाल्या शेठची जीप; कापसाच्या त्या सगळ्या गाड्या त्यांच्याच सरकी काढायच्या कारखान्यात जायच्या. शेठ निघून जातात. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकते, तर तुम्ही एक कागद घाईने पोळपाटाखाली सरकवता. चुलीवर दूध उतू चाललेलं, आणि तुमचं लक्ष माझ्या डोळ्यांकडे. “शेठ काऊन आले होते, बाई?” मी विचारते. तुम्ही म्हणता, “दुसऱ्याच्या घरात आल्यावर सगळं विचारायचं नसतं.” वर्गात प्रश्न विचारला नाही म्हणून रागावणाऱ्या तुम्हीच. मी वह्या ठेवल्या आणि पाणीही न पिता निघाले.

सभेला नगरपालिकेचं अंगण भरलं होतं. एक गाडीवान कळवळून म्हणाला, “माह्या बायकोले दवाखान्यात न्याचं होतं. त्या दगडांपायी गाडी वळेना. पोरीच्या सायकलीसाठी आमी मराचं काय?” त्याचं खोटं नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी मागून टोमणा मारला, “पोरीले सायकल पाह्यजेच कायले?” लोक हसले. तेव्हा सायकल दुरुस्तीवाले चाचा उठले. “दगड काढले का पोरी घरी बसतीन. पाहून घेजा.” मग सगळे तुमच्याकडे पाहू लागले. तुम्ही उठलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, “काढा दगड. माझी हरकत नाही.” एवढंच. शेठ खाली मान घालून बसले होते. मला ते हसत असल्यासारखे वाटले.

दगड निघाले. आठवडाभरात आम्हा सहातल्या चौघी घरी बसल्या. मी आणि आणखी एक, ट्रकचा आवाज आला की खाली उतरून नालीच्या काठाने सायकल ढकलत जायचो. तुमच्या तासाला मी मान वर करत नसे. तुम्ही दोनदा थांबवलंत, मी दोन्ही वेळा “घाई हाये” म्हणून सटकले.

जूनमध्ये आमच्या खेड्यात शेठच्या रिकाम्या गोदामात मुलींसाठी आठवी ते दहावीचे वर्ग सुरू झाले. त्या चौघी परत आल्या, आणि ज्यांना कधी नाक्यापर्यंतही पाठवलं नसतं अशा अकरा जणी आल्या. शिकवायला रोज तुम्हीच यायचात, नालीच्या काठाने, सायकलवर. गावाने शेठचा जयजयकार केला. मी मात्र हट्टाने हायस्कुलातच जात राहिले.

पुढे कितीतरी वर्षांनी चाचांनी मला सांगितलं, “बाईनं त्याच्याकडून लेहून घेतलं होतं. पह्यले पोरीच्या शाळेले गोदाम लेहून दे, मंग दगड काढ. म्याच साक्षीदार होतो.” पोळपाटाखालचा कागद तोच, असं त्यांचं म्हणणं. पण चाचा तुम्हाला फार मानायचे. तुम्ही गेल्यावर तुमच्यासाठी ते एवढं खोटं सहज बोलले असते. कागद मला कुणी दाखवला नाही. आणि समजा खरं असेल, तर ते तुम्ही मला का सांगितलं नाहीत? सोळा वर्षांच्या मुलीच्या पोटात गोष्ट राहणार नाही, असं वाटलं का? की मी ऐकून घेण्याच्या पलीकडे गेले आहे, हे तुमच्या लक्षात आलं होतं?

गोदामातली शाळा सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं आणि तुमची लोणारला बदली झाली. लोक म्हणाले, शेठनेच काटा काढला. शेठ मरेपर्यंत हे ऐकत होते. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला पत्ताही नाही. पण दगड निघाले त्या आठवड्यात मी एक पत्र टाकलं होतं, शिक्षण खात्यातल्या वरच्या साहेबांना, खाली सही न करता: बाईंनी शेठशी संगनमत केलं, चौकशी व्हावी. ते बरोबर पोचलं होतं.