शेजारची तार

अर्नाळा, मंगळवार, १९५३

हे कालपासून समुद्रावर आहेत आणि दुपारी वारा फिरला. हवामानाची बातमी लावली, तर रेडिओत नुसती शिट्टी. शेजारच्या बस्त्यावभावजींनी त्यांच्या एरियलची तार आमच्या तारेला खेटून बांधलीय. दोन्ही रेडिओ एकदम लागले की असंच होतं. त्या तारेवरूनच आमचा अबोला. तरी मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "तुमचा बंद करा, भावजी. मला बातमी ऐकू द्या."

ते म्हणाले, "माजा पोर पन त्याच होडीत हाय." कोयता घेऊन त्यांनी स्वतःची तार तोडली आणि माझ्याबरोबर आमच्या रेडिओपाशी येऊन बसले.

आवाज इतका स्वच्छ कधी लागला नव्हता. वादळ येतंय, कोणी समुद्रात जाऊ नये, एवढंच सांगितलं. जे गेलेत त्यांनी काय करायचं?