गोळ्यातलं केळं

जबलपूर
ता. ३ फेब्रुवारी १९५२

ती. शालिग्रामदादास, धाकट्या निंबाचा नमस्कार.

आवाज बंद झाला म्हणजे गाडी दुरुस्त झाली, हे तुला कोणी सांगितलं? मागंही याच्यावरूनच भांडलो आपण. तू लिहितोस, पिकअपचा मागच्या आसावरचा गोळा, ते डिफरन्शियल, लई गुणगुणत होता, लोटू मिस्तरीनं तेलात लाकडाचा भुसा अन् पिकली केळी कोंबली, अन् आता गाडी मांजरीसारखी चालते. वा रे मिस्तरी! केळीच्या मुलखात राहतो म्हणून काय गोळ्यालाही शिकरण खाऊ घालायचं?

दादा, केळं झिजलेले दात झाकतं, भरून काढत नाही. थोड्या दिवसांत ते जळतं, भुसा बेरिंगात बसतो, तेल पोचत नाही. मग गोळा एकदम धरला की मागची दोन्ही चाकं जागच्या जागी जाम. शाहपूर ते लालबाग स्टेशन सपाट रस्ता आहे, तिथं फार तर केळीचे घड सांडतील. पण तू शिवरातीला त्याच गाडीत माय, वहिनी अन् गल्लीतल्या बाया भरून असीरगडाला नेणार म्हणतोस. घाट उतरताना धरला तर? म्हणून हे पत्र. रागावून वाच, पण पुरं वाच.

अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलंय. तिसरी शिकलेल्याचं आणखी कसं येणार. लाव जुळवून.

मायचा खोकला कसा आहे? मी खुशाल आहे. खंडवा सोडलं, इटारसी सोडली, पण इथं मोटारींच्या कारखान्यात टिकलो म्हणावं. पायाची भिंगरी थांबली.

आता कामाचं. आधी गोळ्यातली ती घाण सगळी काढ अन् जुन्या धोतरातून गाळ. धोतरात राहिलेला गाळ बोटांनी चोळून बघ. नुसती चमचम असेल तर झीज आहे. टोकदार तुकडा लागला तर दात तुटलाय, मग पुढचं काही करू नको, गाडी हलवूच नको.

तुकडा नसला तर साफ तेल भर अन् एकटाच हळूहळू शाहपूरच्या रस्त्यानं जा. लोटूला बसवू नको, तो बोलत राहतो. इथले उस्ताद म्हणतात, "पहले कान, फिर पाना." एक्सिलेटर दाबला की गुंईं वाजतं अन् पाय उचलला की थांबतं, तर क्राऊन-पिनियनचे, म्हणजे त्या मोठ्या-लहान दातेरी चाकांचे, दात गेले. पाय उचलल्यावरच वाजलं तर बहुतेक पिनियनचं बेरिंग ढिलं. फक्त वळणावर वाजलं तर आतली बारकी चाकं. अन् सगळीकडं सारखंच घरघरलं तर गोळ्याच्या नादी लागू नको, मागच्या चाकांची बेरिंगं बघ.

घरी आलास की पुढच्या चाकांना दगड लाव, मागची बाजू जॅकवर घे, खाली ठोकळे दे, इंजन बंद. झाकण उघडून दात बघ. पण बोट आत घालू नको. काडी घाल. चाकाजवळ कोणी उभं राहायचं नाही. "जरा फिरवून बघू का" असं कोणी म्हटलं तर त्याला आधी अंगणाबाहेर काढ. एवढं दोनदा वाच.

तू लिहितोस, "साहेब झालास, दोन दिवस येऊन गाडी बघणं होत नाही तुझ्यानं." मी रजा मिळत नाही लिहिलं होतं. रजा होती, दादा. महिनाभर रजाच होती. आता मी गाडीखाली जात नाही. सामानाच्या खिडकीवर बसतो, नट-बोल्ट देतो. उस्ताद म्हणाले, "बेटा, कान तो सलामत है." ते खरं आहे. ट्रक फाटकातून आत येतो तेव्हाच मी सांगतो काय गेलंय.

दिवाळीनंतर एका गाडीचा गोळा उघडा होता. दात किती हलतात ते मी बोटानं बघत होतो. पलीकडच्याला वाटलं मी फिरव म्हटलं. त्यानं चाक फिरवलं. उजव्या हाताची, अंगठ्याजवळची दोन. जखम भरली आहे. हे डाव्या हाताचं अक्षर.

इंदूरचं संस्थान विलीन झालं अन् लिलावातून ही गाडी आपल्या दारी आली, तेव्हा तू स्टिअरिंगवर बसलास अन् मी खाली घुसलो. माय म्हणाली होती, "एकाचे डोळे, एकाचे हात. चालंल माझं घर." म्हणून तिच्यापुढं येववत नाही. उन्हाळ्यात येईन. तोवर तिला सांगू नको. वहिनीलाही नको, तिच्या पोटात बातमी राहत नाही.

शिवरातीला मायला तिकीट काढून सर्व्हिस मोटारीनं ने. गाडी दारात उभी राहू दे, लोक हसले तर हसू दे. बुऱ्हाणपुरात सामान मिळणार नाही, इंदूरहून आणव. क्राऊन-पिनियन जोडीनंच घे. एक नवं अन् एक जुनं बसवलं तर एकमेकांना खातात, आपल्या दोघांसारखे.

हाताबद्दल मालकानं जे दिलं ते सगळं मनिऑर्डरनं धाडलंय. मायनं विचारलं तर पगारातले म्हण.

तुझा धाकटा,
निंबा

रुपये एकशे ऐंशी.