टॉर्टियाचे थर आणि एक शांत माणूस

२५ डिसेंबर, सकाळी
डोकं जड. घर रिकामं. ओतिलिया माहेरी गेली. माहेर म्हणजे पलीकडची गल्ली, पण गेली ती गेलीच.

काल रात्री नाताळच्या जेवणाला सगळे आमच्याकडे. मेव्हणा हासिंतो म्हणाला, दाजी, टर्की जरा कोरडीच झालीय. माझ्या बायकोच्या स्वयंपाकाला नावं! मी एक शब्द बोललो नाही. फळं उकळून केलेल्या पंचचं पातेलं हातातून निसटलं आणि भिंतीवर आदळलं. पंच निवत आला होता, कोणी भाजलं नाही, याचं श्रेय मला कोणी देत नाही. ओतिलियाने ओल्या फडक्याने भिंत पुसली, मग पर्स उचलली.

अट घालून गेली. एक जानेवारीला सगळे उरलंसुरलं खायला पुन्हा आपल्याकडेच येतील, रीतच आहे. तोपर्यंत आरडाओरडा नाही, फेकाफेकी नाही, कुणाच्या अंगावर जाणं नाही. जमलं तर राहीन, म्हणाली. नाहीतर आईकडेच बरी.

एक आठवडा! मी पाचुकात बारा वर्षं मिनीबस चालवतो. माझ्याइतका शांत ड्रायव्हर त्या रूटवर दुसरा नाही.

संकल्प: एक तारखेचं जेवण मी स्वतः करणार. थरांची टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्यांचे थर. फ्रीजमध्ये आहे ते एकावर एक रचायचं आणि ओव्हनमध्ये ढकलायचं. त्यात काय अवघड आहे?

२५ डिसेंबर, दुपारी
ओतिलियाचा फोन. टर्की फ्रीझरमध्ये टाक, नाहीतर सगळ्यांना दवाखान्यात नेशील, म्हणाली. आवाजात माया होती. मला कळतं.

२६ डिसेंबर
फ्रीज उघडला. डबेच डबे. सगळ्यांवर 'क्रीम' छापलेलं. पहिल्यात घेवड्याची उसळ. दुसऱ्यात चरबी. तिसऱ्यात हिरवी चटणी. चौथ्यात ओळखू न येणारं काहीतरी. या देशात क्रीमच्या डब्यात क्रीम ठेवायची पद्धत का नाही? सातव्या डब्यात मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट तपकिरी रस्सा सापडला, तोही क्रीमच्याच. क्रीम शेवटी आइस्क्रीमच्या डब्यात.

फ्रीजला थोडं समजावलं. पायाने. दाराला पोचा. माझा अंगठा सुजून टोमॅटोएवढा. सुरुवात फ्रीजने केली होती.

अटीत वस्तूंबद्दल काही नव्हतं. बहुतेक.

२७ डिसेंबर
टॉर्टिया आणायला गेलो. शिळ्या लागतात, म्हणून आजच घेऊन ठेवायच्या. केवढा विचार केलाय! रांगेत एक टोपीवाला मध्ये घुसला. मी अत्यंत सभ्यपणे म्हणालो, काका, रांग मागे आहे. तो म्हणाला, काका कोणाला म्हणतोस रे, तुझ्याहून लहान आहे मी. मग बोलणं वाढलं. त्याचा ओठ फुटला. बर्फासारख्या थंडीत ओठ असेही फुटतात.

दुकानवाली बाई माझा आदर करते. मला रांगेतून पुढे बोलावून म्हणाली, ह्या घ्या टॉर्टिया, हे घ्या नवीन वर्षाचं कॅलेंडर, आणि निघा बघू आधी. पैसेसुद्धा घेतले नाहीत.

कॅलेंडर कुठे लावणार? आमच्या स्वयंपाकघरात आधीच पाच आहेत. पाच! सगळ्यांत मोठं हासिंतोच्या मटणाच्या दुकानाचं, अख्ख्या बैलाचं चित्र असलेलं. एक तर ओव्हनशेजारी गुडघ्याएवढ्या उंचीवर. तारीख बघायला काय रांगत जायचं? ओतिलियाला कॅलेंडरांचं वेड आहे. मी कधी बोललो नाही. मी असा समंजस.

२८ डिसेंबर
सकाळी हासिंतोचा फोन. दाजी, ताई बॅग भरतेय, अर्ध्या तासात पोचते, आईची समजूत मी काढली. मी घर झाडलं. दाढी केली. दारात उभा राहिलो. अंगठ्याची कळ डोक्यात जात होती, तरी उभा राहिलो. दोन तास.

मग पुन्हा फोन. मागे दुकानातली पोरं खिदळत होती. दाजी, आज तारीख काय? अठ्ठावीस! आज फसवायचाच दिवस! भोळे हो भोळे तुम्ही!

हसलो. खेळकरपणा अंगी असावा लागतो. संध्याकाळी फिरायला म्हणून त्याच्या घरावरून गेलो. त्याच्या मोटारसायकलचे दोन्ही आरसे, दिवा आणि दारातली कुंडी आता नाहीत. कोणी पाहिलं नाही. कुत्र्याने पाहिलं. ते माझ्याकडे बघून शेपूट हलवत होतं, म्हणजे त्याला पटलं असणार.

खरं सांगायचं तर, दोन तास उभा होतो तेव्हा मी कॉफी दोघांची ठेवली होती.

३० डिसेंबर
ट्रायल. टॉर्टिया, मोले, टॉर्टिया, उसळ, टॉर्टिया, चीज. ओव्हनमधून लापशी बाहेर आली. चमच्याने उचलावी अशी.

वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई दोन्या इफिहेनिया यांनी वास घेऊन खिडकीतून विचारलं, टॉर्टिया आधी गरम तेलातून काढल्या का? मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, अरे देवा, एवढा घोडा झालास, बायकोने जेवू घातलं म्हणून जगलास. तेलातून न काढता रस लावला की भिजून चिखलच होणार!

झारा हातातून सुटून वर गेला. त्यांच्या कॅनरीच्या पिंजऱ्याला लागला. पक्षी जिवंत आहे. गाणं बंद आहे, पण ते थंडीमुळेही असेल.

सल्ला मात्र लिहून ठेवतो: तेल.

३१ डिसेंबर
जमलं! एकेक टॉर्टिया तेलातून काढली, कागदावर टिपली. फ्रीझरमधली टर्की काढून, तुकडे सोडवून मोलेत घोळवली. थर, उसळ, थर, क्रीम, थर, वर चीज. काचेच्या मोठ्या भांड्यात अगदी काठोकाठ. नमुना म्हणून एक कोपरा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं. मिरचीने नाही.

आज दिवसभर कुणालाही काही केलं नाही. घराबाहेर पडलोच नाही.

१ जानेवारी
सगळं नीट लिहितो, म्हणजे दोष कोणाचा ते स्पष्ट होईल.

दुपारी एकला आले. सासूबाई, हासिंतो, ओतिलिया. हासिंतोने बगलेत दुकानाचं नवं कॅलेंडर आणलं होतं, गुंडाळी करून. आरशांबद्दल चकार शब्द नाही. ओतिलियाने दाराशी काहीतरी ठेवलं. बॅग. तिची बॅग!

वाढलं. सुरीने कापलं तर थर वेगळे दिसले, चिखल नाही. सासूबाईंनी दुसऱ्यांदा घेतलं. ओतिलियाने एक घास खाऊन विचारलं, तेलातून काढल्यास? म्हणालो, मग, त्याशिवाय होतं का? ती हसली. नाताळनंतर पहिल्यांदा. म्हणाली, फिदेन्सियो, छान झालंय रे.

तेव्हा हासिंतो म्हणाला, झकास, दाजी. फक्त मीठ जरा कमी.

मी श्वास घेतला. पुन्हा घेतला. माझ्याइतका कंट्रोल कोणी ठेवला नसता. काचेचं भांडं गरम होतं, हातातून निसटलं. निसटलं म्हणजे टेबलावरून भिंतीपर्यंत. काच उडून हासिंतोची भुवई फाटली. रक्त उसळीत. तो खुर्ची घेऊन माझ्या अंगावर आला, मी त्याची मान धरली, आम्ही दोघं फ्रीजवर आदळलो, सासूबाईंनी चप्पल काढून मला हाणली, मग त्यालाही. माझा एक दात हलतोय.

ओतिलिया ओरडली नाही. नळाखाली फडकं भिजवलं आणि भिंत पुसायला लागली. सवयीनं. मग थांबली. येऊन फडकं माझ्या हातात दिलं. म्हणाली, तू मला कधी मारलं नाहीस, ते तू गावभर सांगतोस. पण मी भिंती पुसून पुसून थकले रे, फिदेन्सियो.

बॅग उचलून गेली. हासिंतोने एक हात भुवईवर धरून दुसऱ्या हाताने कॅलेंडर परत नेलं. किती कोता माणूस!

२ जानेवारी
दात पडला. भिंत पुसतोय. चीज खरवडून निघतं, मोले निघत नाही. थोडं खरवडलेलं खाल्लं. मीठ कमी होतं.

नवं वर्ष आहे, म्हणून जुनी कॅलेंडरं उतरवायला घेतली. दरवर्षी हे काम ती करते, मी ड्युटीवर असतो. औषधांच्या दुकानाचं काढलं. मागे तपकिरी डाग. कॉफी. हासिंतोने मोटारसायकल घेतली त्या दिवशीची. बेकरीचं काढलं. मागे लाल चटणी, फवारा उडाल्यासारखी. ओव्हनशेजारचं, गुडघ्याएवढ्या उंचीवरचं काढलं. तिथे उसळ, आणि भिंतीला खड्डा. तो आपला फुटबॉलचा संघ हरला त्या रात्रीचा. बैलाच्या मागे पूर्वीचा मोले, दारापर्यंत ओघळलेला. पाचव्याच्या मागे काय आहे ते मला आठवतच नाही. तिला आठवत असेल.

बराच वेळ खाली बसलो होतो. अंगठा दुखत होता म्हणून.

मग जुनी सगळी होती तिथे परत टांगली. टॉर्टियावाल्या बाईचं नवं कॅलेंडर कालच्या डागावर लावून पाहिलं. चारही बाजूंनी डाग बाहेर येतो. एवढा डाग झाकेल असं कॅलेंडर गावात एकाच दुकानात मिळतं, आणि ते हासिंतोचं आहे.