स्टेमवर चाळीस मिनिटं

२८ जुलै, सोमवार
करंजाडे ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी गुरुदत्त मोकल यांचा फोन. १७ ऑगस्टच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता माझं व्याख्यान! ठरलेल्या वक्त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणे. असेना. गुणांची कदर उशिरा का होईना, होतेच.

विषय मी दोन मिनिटांत ठरवला. डिक्शनरी उघडली, बोट ठेवलं. Stem. देठ. पण अर्थ किती! ग्लासची दांडी, घड्याळाचा दांडा, प्रवाह अडवणं, शिवाय पेशी. चाळीस मिनिटं कमीच पडतील.

लेक अविटलला फोन केला. खारघरच्या कॉलेजात बॉटनी शिकवते. माझ्या मागच्या सात भाषणांना तिला काही ना काही अडचण आली. या वेळी विषयच तिचा. म्हणाली, "बघते पप्पा, जमलं तर." म्हणजे येणार. पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवायला मोकलांना सांगितलं.

संकल्प: पुस्तकी काही बोलायचं नाही. प्रत्येक अर्थ स्वतः अनुभवायचा.

१ ऑगस्ट, शुक्रवार
ग्लासची दांडी. अनुभवली.

माझ्या बायकोच्या, अबीगेलच्या, आईचा उंच दांडीचा ग्लास होता. दर शुक्रवारी संध्याकाळी आम्हा ज्यू लोकांच्या किद्दूशच्या प्रार्थनेला आम्ही त्यातच मनुकांचं सरबत घेतो. दांडी किती वजन पेलते ते पाहत होतो. डिक्शनरी पेलत नाही.

संध्याकाळी किद्दूश स्टीलच्या पेल्यात.  अबीगेल आमेन जरा जोरातच म्हणाली. ग्लासला आधीपासून तडा असणार.

४ ऑगस्ट, सोमवार
घड्याळ. चावीच्या बोंडाला आत बारीक दांडा असतो, तोही स्टेम. कसा बसवलाय ते बघायला खेचला. आला हातात. पनवेल गावात हरेश घड्याळवाल्याकडे गेलो. म्हणाला, अंकल, हा फिरवायचा असतो, उपटायचा नसतो. माणूस हुशार. हे वाक्य भाषणात घेणार.

घड्याळ परवा मिळणार, तोवर वेळ कळत नाही, त्यामुळे तालीम अंदाजाने केली. माझ्या हिशोबाने पस्तीस मिनिटं. अबीगेल म्हणते, मध्ये तिचा कुकर झाला, भाकऱ्या झाल्या, शेजारणीकडे जाऊन आली तरी मी प्रस्तावनेतच होतो. बायकांना वेळेचा अंदाज नसतो.

७ ऑगस्ट, गुरुवार
प्रवाह अडवणं. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढली, हा अर्थ तर घरचाच. बेसिनखालचा पाइप गळत होता. प्लंबर बोलावू दिला नाही. चिंध्या, मेणबत्तीचं मेण आणि माझा अनुभव. अर्ध्या तासात थेंब बंद!

संध्याकाळी ६. खालच्या मजल्यावरचे काशीराम गायकर वर आले. त्यांच्या देव्हाऱ्यावर पाणी पडतंय. माझ्याकडे थेंबही नाही, हे मी त्यांना दाखवलं. ते उगाच तापले.

स्टेम सेल: अनुभव मिळवण्यासाठी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी नीट ऐकलं, मग ठेवला.

१३ ऑगस्ट, बुधवार
भाषण लिहून झालं. चौसष्ट पानं. पाठ फक्त "सन्माननीय अध्यक्ष" एवढंच. पण चार दिवस म्हणजे चिक्कार.

१६ ऑगस्ट, शनिवार
उद्या भाषण. मूळ अर्थ राहिलाच होता! देठ! दुपारी रिक्षाने नेऱ्याला गेलो. रस्त्याकडेला भामा नावाच्या बाई भाजी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडच्या अळूचे देठ बारीक. स्टेजवरून मागच्या रांगेला काय दिसणार? पलीकडे ओहोळाच्या कडेला मात्र रानअळू, मनगटाएवढे देठ! चिखलात उतरलो. भामाबाई ओरडल्या, "आजोबा, तो नाय खायाचा! खाजरा हाय तो, घशात बसंल!"

गावाकडे अशा समजुती फार.

घरी आल्यावर अबीगेलने सांगितलं, निदान भरपूर चिंच घालून शिजव. अगं, चिंच घातली तर चव चिंचेची. मग देठाचा अनुभव कुठे राहिला?

१७ ऑगस्ट, रविवार
सकाळी ८. आज! भाषणाच्या शेवटी प्रत्येकाला कच्च्या देठाचा एकेक तुकडा द्यायचा, अशी कल्पना आहे. टाळ्याच टाळ्या. आधी स्वतः खाऊन बघतो.

८.१०. बोटभर खाल्ला. काकडीसारखा लागतो. म्हटलं नव्हतं!

८.१५. किंचित चुरचुर. मानसिक असावी.

८.२०. मानसिक नाही.

८.३०. आई गं. जिभेत सुया. अबीगेलने चिंचेचं पाणी दिलं, कोकम दिलं, ताक दिलं. शिवाय बोलणीही दिली.

१०. डॉक्टर. सूज उतरेल म्हणाले, पण आज तोंडातून शब्द काढायचा नाही. आवाज तसाही उरलेला नाही. निसर्गाने चुकीचा दिवस निवडला.

दुपारी २. सभेला जाणारच. ऐन वेळी आवाज येईल.

१८ ऑगस्ट, सोमवार
आवाज आला नाही.

पण अविटल आली! पहिल्या रांगेत, राखलेल्या खुर्चीवर. आठव्या भाषणाला का होईना, माझी लेक आली. सगळं भरून पावलो. मोकलांनी नाव पुकारलं, मी माइकसमोर उभा राहिलो आणि घशातून गिरणीच्या पट्ट्यासारखा आवाज निघाला. मागे कोणीतरी हसलं.

तेवढ्यात अविटल स्टेजवर आली. मी चौसष्ट पानं तिच्या हातात दिली. तिने पहिलं पान पाहिलं आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. मग कागदाशिवाय बोलली. अळूच्या देठात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कोणी चावलं की टोचतात, झाड असं स्वतःला वाचवतं. याचा नमुना, म्हणाली, आपल्यासमोरच उभा आहे. सभागृह हसून लोटपोट. गायकर तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. बरोबर चाळीस मिनिटं. पुढच्या महिन्याचं निमंत्रण मोकलांनी तिला तिथेच दिलं. मला म्हणाले, ऐकायला नक्की या.

नंतर पोरीने रिक्षात मला शेवटपर्यंत हाताला धरून ठेवलं.

विषयाची निवड माझी, हे कोणी विसरू नये.

संध्याकाळी. अबीगेलच्या तोंडून निघून गेलं. काल सकाळी अविटल मैत्रिणींबरोबर लोणावळ्याला निघाली होती. पप्पांचं भाषण विसरलीस का, असं अबीगेलने फोनवर विचारलं. ती म्हणाली, विसरले नाही, म्हणून तर निघाले. मग अबीगेलने सांगितलं, पप्पांना एक शब्दही बोलता येत नाहीये. खोपोलीच्या अलीकडे पोरगी मैत्रिणींच्या गाडीतून उतरली आणि मागे फिरली.

आजही कॉलेज सुटल्यावर तडक इथे आली. उद्याही येते म्हणाली.

घसा दुपारपासून बरा आहे. अजून कोणाला सांगितलेलं नाही.