मुका खुंट

३ नोव्हेंबर

गाडी आली. म्हणजे ढकलत आणली — एका बाजूला दादा, एका बाजूला मी, आणि मागून जिची गाडी ती नर्सबाई. इंजिन पार जाम. चारही चाकांना जोर देणारी ही लांबलचक गाडी आमच्या दारातल्या चढावर रुसून बसली ती बसलीच. आत येईना, बाहेर जाईना! शेवटी तिथेच लोखंडी घोड्यांवर चढवली. आमचं घर गॅरेजच्या वर, जिना गॅरेजातून. तेव्हा आता जो तो अंग चोरून, भिंतीला पाठ घासत ये-जा करणार. वहिनी भाजीची पिशवी डोक्यावर धरून आत सरकली आणि म्हणाली, "वन्सं, आता जाड व्हायचीही सोय राहिली नाही."

दादा एवढंच म्हणाला, "बारके, ही एक कर. ही दारातून बाहेर पडली की तूही पड."

ही एक! आठ वर्षं ऐकतेय 'ही एक'. पण या वेळी माझ्याकडे पत्र आहे. तंत्रशाळेत गाडीदुरुस्ती शिकवायची नोकरी, परगावी, राहायला खोली. १ डिसेंबरला हजर व्हायचं. म्हणजे २९ची सकाळची बस.

सव्वीस दिवस आहेत.

५ नोव्हेंबर

या गाडीचं इंजिन कुठेच नाही. दादाने दिवसभर फोन फिरवले. मिळालं ते तिच्या धाकट्या बहिणीचं — गाडी तीच, पण नुसती पुढची दोन चाकं ओढणारी. मागून ठोकर बसून चेपलीय, पुढचं सगळं शाबूत. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच देतायत.

म्हणजे चारचं दोन करायचं. मागे जोर नेणारा लांब दांडा काढायचा, मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा काढायचा, त्यातून चाकांकडे जाणारे दोन ॲक्सल काढायचे. मागची चाकं यापुढे नुसती मागून येणार.

नर्सबाईंना विचारलं, चालेल का? म्हणाल्या, "मला डोंगर चढायचे नाहीत हो. अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत माझी, घरोघरी. वेळेवर पोचले म्हणजे झालं." सध्या सायकलवर जातात. पंचावन्न वर्षांची बाई.

जेवताना वहिनी म्हणाली, "पुढचे ओढणार, मागचे फरफटणार. आपल्याच घरासारखं की." दादा हसला. मला हसू आलं नाही.

८ नोव्हेंबर

जुनं इंजिन उतरवलं. पत्र परत वाचायचं होतं, पण हात कोपरापर्यंत काळे.

११ नोव्हेंबर

तंत्रशाळेच्या प्राचार्यांचा फोन. "खोली राखून ठेवू ना?" मी म्हणाले, कळवते. कळवते काय! हो म्हणायला काय झालं होतं? पण दादा शेजारी पाना पुसत उभा. फोन गॅरेजच्या मधोमध भिंतीवर, माझ्या खोलीची खिडकीसुद्धा गॅरेजातच उघडते. या घरात एक वाक्य धड एकटीने बोलता येत नाही. ही वही तेवढी माझी.

ते असंही म्हणाले की वर्गात तीस जण असतील. समोर उभं राहून बोलायचं. मी आजवर जे काही शहाणपणाचं बोलले ते गाडीखालून, आडवी पडून. तोंड दिसत नाही म्हणून जीभ चालते.

दादा विचारत होता, "काय म्हणाले?" म्हटलं, काही नाही.

१४ नोव्हेंबर

नवं इंजिन आत गेलं. आत जाताना आम्हा दोघांत भांडण लावून गेलं. दोन तास पुढचा उजवा ॲक्सल बसवायला झटतोय — ठोक, फिरव, शिव्या दे, परत ठोक. मग कळलं की जुन्या गाडीचाच ॲक्सल नव्या गिअरबॉक्सात कोंबतोय. योग्य तो मागे बाकावर आरामात पडलेला! काखेत कळसा म्हणतात तो हाच. दादा माझ्यावर ओरडला, मी दादावर. वहिनीने वरून पळी आपटली, म्हणजे जेवायला चला.

अजून किती अडचणी काढेल ही गाडी? आणि सगळ्या माझ्याच नशिबाला. दुसरं कुणी हे काम करू शकत नाही, हे दादा अभिमानाने सांगतो. माझ्या पायातली बेडी तीच आहे, हे त्याला सांगावंसं वाटतं.

१६ नोव्हेंबर

कामं वाटून घेतली. पुढचं माझं, मागचं दादाचं.

त्याने मला आबांची आठवण करून दिली — जणू मी वडिलांचं शिकवलेलं विसरेन! आबा म्हणायचे, मागचे ॲक्सल काढले तरी टोकाचा खुंट टाकायचा नाही. ॲक्सल त्याच्यापासून सोडवायचा, खुंट परत चाकाच्या मधे घालायचा आणि नट कचकचून आवळायचा. तो आता काही फिरवत नाही, काही ओढत नाही, पण चाकाची बेअरिंग त्याच्याच पकडीत असते. तो नसला तर वजन पडताच बेअरिंग फाकते आणि चाक लटकतं. आबांनी त्याचं नाव ठेवलं होतं मुका खुंट. गॅरेजबाहेर हा शब्द कुणाला माहीत नाही.

वहिनीला समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मीच की." दादा ताटातलं निवडत बसला.

१८ नोव्हेंबर

दादाची कंबर धरली. वहिनी शेक देतेय. अकरा दिवस उरले आणि हा पालथा पडलाय! उद्या उठतो म्हणतो.

आज तंत्रशाळेला फोन करणार होते. राहिलं.

२१ नोव्हेंबर

मागचं काम उरकलं.

२२ नोव्हेंबर

इंजिन सुरू झालं. पहिल्याच किल्लीला! वहिनी जिन्यावरून धावत खाली आली, दादा कंबर धरून नाचल्यासारखा काहीतरी करत होता. सगळे खूश. मी वर येऊन खाटेवर बसले. प्रवासाची पिशवी खाटेखालून काढली, झटकली आणि परत खाली सरकवली.

२४ नोव्हेंबर

आज गाडी खाली उतरवून चालवून बघायची होती. मी चालवणार, दादा शेजारी. तेवढ्यात नर्सबाई आल्या आणि औषधांच्या पिशवीसकट मागच्या सीटवर बसल्यासुद्धा. "माझ्या गाडीत मीच नको?"

पहिल्याच गिअरवर ठेवली. गल्लीच्या टोकापर्यंत ठीक. वळणावर मागून करकर आली, मग डावं चाक कलंडलं, गाडी एका बाजूला बसली. ब्रेक दाबला. नर्सबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. टेंगूळ आलंय. मी उतरून त्यांचं दार उघडलं, तर त्याच मला म्हणाल्या, "बसा जरा, पाणी प्या."

चाकावरची टोपी काढली. मधे नुसतं भोक, आरपार दिसत होतं. मुका खुंट बसवलेलाच नाही! उजवीकडेही तेच. टोपी लावली की बाहेरून कळतं कुणाला? दोन्ही बेअरिंग गेल्या.

मागचं दादाकडे होतं. मला शिकवत होता, आणि स्वतः विसरला. नर्सबाईंनी विचारलं, "हे झालं कसं?" दादाने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग त्यांना म्हणाला, "माझंच चुकलं, बाई." आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल केली. नवलच.

२५ नोव्हेंबर

गाडी ढकलत एकदाची आत नेली. दार मोकळं झालं, पण त्याचा मला काय उपयोग! नव्या बेअरिंग २ डिसेंबरला येणार. दादाची कंबर अशी, जड काम त्याला एकट्याला झेपणार नाही. म्हणजे २९ गेली. तंत्रशाळा गेली. त्याच्या एका चुकीपायी माझं सगळं गेलं, आणि मी त्याला दोषही देऊ शकत नाही, कारण तो गप्प आहे. गप्प माणसाशी भांडायचं कसं?

वहिनीने दोनदा विचारलं, "वन्सं, जेवत का नाही?"

दादा आज गॅरेजातले डबे आवरत होता. एकेक उघडून बघत होता.

२७ नोव्हेंबर

दादा सकाळीच बाहेर पडला. कुठे गेला वहिनीलाही माहीत नाही. कंबरेला पट्टा बांधून गेलाय.

२९ नोव्हेंबर, सकाळ

२४ तारखेला इथे खोटं लिहिलं. वहीलाही फसवलं. दादा पडून होता, मागचं काम मीच केलं. दोन्ही खुंट पुसून डब्यात ठेवले, वर फडकं टाकलं. विसरले नव्हते. वाटलं होतं, गल्लीत करकर होईल, गाडी परत आत घेऊ, तारीख टळेल आणि तंत्रशाळेला नाही म्हणायला मला लागणार नाही. नर्सबाई बसतील असं वाटलं नव्हतं. बसल्या तेव्हा उतरा म्हणाले नाही.

दादा काल बेअरिंग घेऊनच परतला. आज माझी भरलेली पिशवी रस्त्यावर आणून ठेवली, मी ती उचलायला बाहेर आले आणि त्याने शटर आतून ओढून घेतलं. पिशवी वहिनीने भरली असणार, घड्या तिच्या आहेत. पिशवीवर बसून लिहितेय. आत ठोकाठोक चाललीय. मी शटर वाजवलं, ओरडून सांगितलं — खुंट मी विसरले होते दादा, मला करू दे, तुझी कंबर जाईल.

ठोकणं थांबलं. गाडीखालून त्याचा आवाज आला, "विसरणारी असतीस तर ठेवून घेतली असती. जा, बस चुकेल."

रस्ता मोकळा आहे. कुणी अडवत नाहीये.